नदीच्या तळाचा साक्षीदार : गदापुच्छ चतुर

मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघाले की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. एका बाजूस कल्याणची जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूस १९४९ साली उल्हास नदीचे नाव धारण करून उभे राहिलेले उल्हासनगर आणि या परिसरातून वाहणारी वालधुनी नदी, अशी या ठिकाणाची रचना आहे. अंबरनाथनजीक काकोळे परिसरातील डोंगरउतारावर उगम पावणारी ही लहानशी नदी, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगर व विठ्ठलवाडी ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. काकोळे येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या काळात तिचे पाणी अडवून बांधलेला तलाव आजही ‘जीआयपी टँक’ या नावाने ओळखला जातो. ज्या नदीचे पाणी एकेकाळी आगगाडीच्या इंजिनांसाठी साठविले गेले, तीच नदी काही मैल खाली येता येता सांडपाण्याचा व कारखान्यांतील रसायनांचा भार वाहू लागते.

२०१४ सालच्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगर येथे वालधुनीत रसायने ओतली गेल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. २०१५ मध्ये लवादाने या प्रकरणी संबंधितांना मोठी रक्कम भरण्याचा आदेश दिला. पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होणे आवश्यकच आहे. परंतु बाटलीत घेतलेला नमुना हा त्या क्षणापुरता असतो. रात्री टँकरमधून ओतलेले रसायन सकाळपर्यंत पुढे वाहून गेले, तर सकाळच्या नमुन्यात त्याची नोंद मिळेलच असे नाही. नदीच्या तळाशी महिनोन्‌महिने राहणाऱ्या जीवांना मात्र त्या रात्रीचे परिणाम भोगावे लागतात. अशा जीवांपैकी एक, ज्याला विशेष उपकरणांशिवाय, केवळ लक्षपूर्वक पाहून ओळखता येते, तो म्हणजे गदापुच्छ चतुर होय.

कुलाचा परिचय

पाण्याच्या आसपास भिरभिरणाऱ्या, चार पारदर्शक पंख असलेल्या कीटकाला मराठीत चतुर म्हणतात. त्याच गणातील सडपातळ, नाजूक भाईबंदांना टाचणी असे नाव आहे. चतुर व टाचण्या मिळून जगात सहा हजारांहून अधिक, तर भारतात सुमारे पाचशे जाती ज्ञात आहेत. चतुरांची अनेक कुले असून त्यांपैकी एक मोठे कुल ‘गॉम्फिडी’ हे आहे. या एका कुलात जगभरातील सुमारे एक हजार जातींचा समावेश होतो. ‘गॉम्फस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ खुंटी अथवा खिळा असा आहे. या कुलातील बहुतेक जातींमध्ये उदराची शेवटची काही वलये फुगीर असतात व त्यामुळे लांबट उदर हे टोकाशी जाड झालेल्या गदेसारखे दिसते. यास्तव प्रस्तुत लेखात त्यांना ‘गदापुच्छ चतुर’ असे संबोधले आहे.

भारतातील चतुरांचा पद्धतशीर अभ्यास ज्यांच्या नावाशी निगडित आहे ते एफ. सी. फ्रेझर हे व्यवसायाने शल्यचिकित्सक होते आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ व १९३६ या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १९३४ च्या दुसऱ्या खंडात गदापुच्छ चतुरांचे सविस्तर वर्णन आहे. त्यापूर्वी त्यांच्या अनेक टिपणांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने स्थान दिले होते.

ओळखण्याच्या खुणा

‘गदापुच्छ’ हे नाव ऐकून उदराच्या टोकाकडे पाहावे, असे साहजिकच वाटते. प्रत्यक्षात मात्र ही खूण दुय्यम मानली पाहिजे. काही जातींत, विशेषतः माद्यांमध्ये, हा फुगवटा अगदी अल्प असतो. तर अन्य कुलांतील काही चतुरांचे उदरही टोकाशी थोडे रुंद असते. म्हणून निरीक्षणाची सुरुवात डोक्यापासून करावी.

पहिली व सर्वांत विश्वसनीय खूण डोळ्यांची. सामान्यतः दिसणाऱ्या चतुरांचे दोन्ही मोठे संयुक्त नेत्र डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना चिकटलेले असतात; वरून पाहिल्यास त्यांचे एकच शिरस्त्राण झाल्यासारखे दिसते. गदापुच्छ चतुराचे डोळे एकमेकांपासून स्पष्टपणे अलग असतात आणि त्यांच्यामध्ये डोक्याचा रुंद भाग उघडा राहतो. टाचण्यांचे डोळेही अलग असतात, हे खरे. परंतु टाचणीचे शरीर काडीसारखे बारीक असते आणि बहुतेक टाचण्या बसताना पंख पाठीवर मिटून घेतात. चतुर पंख दोन्ही बाजूंस पसरून बसतो. तेव्हा भक्कम बांधा, पसरलेले पंख आणि अलग डोळे या तीन गोष्टी एकत्र आढळल्या, तर आपल्याकडील नदीकाठी तो कीटक गदापुच्छ आहे असे मानण्यास हरकत नाही.

दुसरी खूण रंगाची. या कुलातील जाती काळ्या व पिवळ्या, अथवा काळ्या व हिरवट पिवळ्या पट्ट्यांनी चितारलेल्या असतात. इतर अनेक चतुरांचे नर वयात आल्यावर लालभडक किंवा निळसर राखी होतात, तसा बदल गदापुच्छांमध्ये होत नाही. छातीवरील पिवळ्या पट्ट्यांची संख्या, त्यांची जाडी आणि ते एकमेकांना कोठे मिळतात, यांवरून तज्ज्ञ जातींमध्ये भेद करतात.

तिसरी खूण शेपटीच्या टोकाची. नराच्या उदराच्या अग्रभागी मादीला पकडण्यासाठी चिमट्यासारखे अवयव असतात. प्रत्येक जातीत त्यांचा आकार निराळा असतो आणि जातीची निश्चिती अखेर त्यांवरूनच होते. म्हणून छायाचित्र घ्यावयाचे असल्यास एक वरून, डोळे दिसतील असे. एक बाजूने, छातीवरील पट्टे दिसतील असे. आणि एक शेपटीच्या टोकाचे, अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. समोरून घेतलेले एकच सुंदर छायाचित्र ओळख पटविण्याच्या दृष्टीने बहुधा निरुपयोगी ठरते.

गल्लत कोठे होते

नवख्या निरीक्षकाची सर्वाधिक फसगत करणारा कीटक म्हणजे ‘ऑर्थेट्रम सबिना’ हा चतुर. हिरवट पिवळ्या अंगावर काळे पट्टे, मध्ये बारीक झालेले उदर आणि टोकाशी थोडी रुंदी, हे सारे पाहून तो गदापुच्छच वाटतो. तो सर्वत्र विपुल आहे. शेतात, बागेत, गटाराकाठीही तो बसलेला दिसतो. त्याचे डोळे मात्र माथ्यावर एकमेकांना भिडलेले असतात. या एका खुणेने शंका फिटते.

दुसरा गैरसमज अधिक व्यापक आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात शाळेच्या मैदानावर आणि माळावर पिवळसर तांबूस चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. त्यांत मोठा भरणा ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ या भटक्या जातीचा असतो. पावसाने साचलेल्या डबक्यातही अवघ्या काही आठवड्यांत त्यांची वाढ पूर्ण होते आणि मग ते दूरदूर जातात. चतुरांचे असे थवे दिसले की परिसरातील जलाशय निरोगी आहेत, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो बरोबर नाही. डबक्यात जन्मून वाऱ्यावर आलेला चतुर जवळच्या नदीविषयी काहीच सांगू शकत नाही. नदीविषयी जाणून घ्यावयाचे तर नदीच्या तळाशी वाढलेला चतुर पाहिला पाहिजे.

दोन परिचित जाती

महाराष्ट्रात व्यापक प्रमाणात आढळणाऱ्या दोन जातींचा परिचय करून घेतल्यास प्रारंभिक अभ्यासास पुरेसे होते.

‘इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स’ ही त्यांतील मोठी व ठळक जाती. उदर सुमारे पाच सेंटिमीटर लांब, काळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि उदराच्या आठव्या वलयाच्या दोन्ही कडांना पानासारखी काळी झालर, ही तिची लक्षणे होत. तलाव, बंधाऱ्याचे पाणी व संथ वाहणाऱ्या नद्या ही तिची आवडती ठिकाणे. पाण्यावर झुकलेल्या वाळक्या काटकीच्या अगदी टोकावर, पाण्याकडे तोंड करून नर बसतो. उठून एखादा कीटक टिपतो आणि पुन्हा त्याच काटकीवर येतो. काकोळ्याच्या तलावासारख्या ठिकाणी अथवा बदलापूरनजीकच्या बारवी धरणाच्या जलाशयाकाठी निरीक्षकाने प्रथम याच जातीचा शोध घ्यावा.

‘पॅरागॉम्फस लिनिएटस’ ही आकाराने लहान जाती. पिवळ्या अंगावर तपकिरी काळसर रेषा, निळसर राखी डोळे आणि नराच्या शेपटीच्या टोकाशी खाली वाकलेले आकड्यासारखे अवयव यांवरून ती ओळखता येते. वाहत्या ओढ्यानद्यांकाठी, वाळूच्या पट्ट्यावर, उन्हात तापलेल्या दगडावर अथवा काठच्या झुडपाच्या टोकावर ती बसते. तिचा रंग वाळूशी इतका एकरूप होतो की पाऊल जवळ पडून ती उडेपर्यंत तिचे अस्तित्व जाणवत नाही.

या दोन जातींमधील फरक केवळ वर्णनापुरता नाही. पहिली जाती साचलेल्या पाण्यात वाढू शकते. दुसरीला मुख्यतः वाहते पाणी व वाळूचा तळ लागतो. तेव्हा ‘गदापुच्छ दिसला’ एवढीच नोंद अपुरी आहे. कोणता गदापुच्छ दिसला, हे लिहिले तरच त्या नोंदीवरून नदीच्या स्थितीचा अंदाज बांधता येतो.

वाळूखालचे जीवन

चतुराचे आयुष्य दोन भागांत विभागलेले असते आणि त्यांतील मोठा भाग पाण्याखाली जातो. मादी एकटीच पाण्यावर येते व उदराचे टोक पाण्याला वारंवार टेकवून अंडी सोडते. टाचण्यांप्रमाणे वनस्पतीच्या देठात अंडी खोचण्याचा अवयव तिला नसतो. अंडी तळाशी जातात. पुष्कळ जातींत त्यांभोवती चिकट आवरण असल्याने ती वाळूला अथवा दगडाला धरून राहतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या जलवासी पिल्लाला डिंभ म्हणतात. फुलपाखराप्रमाणे चतुराला कोशावस्था नसते. डिंभ वारंवार कात टाकीत वाढतो आणि शेवटच्या कातीतून थेट पंखधारी चतुर बाहेर येतो.

गदापुच्छ कुलाचे वैशिष्ट्य असे की त्याचे बहुतेक डिंभ तळात स्वतःला पुरून घेतात. त्यांची शरीररचना या कामासाठीच घडलेली असते. डोके पाचरीसारखे चपटे, पुढचे पाय आखूड व बळकट आणि वाळू उकरण्यास उपयोगी, तर मिशा म्हणजे शृंगिका चार पेरांच्या असून तिसरे पेर जाड असते. डिंभ वाळूच्या पातळ थराखाली पडून राहतो व उदराचे टोक तेवढे वर ठेवतो. त्याचे श्वसन गुदाशयातील कल्ल्यांमार्फत चालते. तो पाणी आत घेतो, त्यातील प्राणवायू शोषतो व पाणी बाहेर टाकतो. तेच पाणी जोराने बाहेर फेकून संकटकाळी पुढे झेपावण्याची युक्तीही चतुरांच्या डिंभांना साधलेली असते. भक्ष्य जवळ येताच चेहऱ्याखाली दुमडून ठेवलेला खालचा ओठ क्षणार्धात पुढे फेकून ते पकडले जाते. गाळातील अळ्या, कृमी व इतर लहान जलचर हे त्याचे अन्न होय.

ही अवस्था जातीनुसार काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत चालू शकते. या सर्व काळात डिंभ फारसा हलत नाही. येथेच त्याचे साक्षीदार म्हणून महत्त्व आहे. वाळूच्या कणांमधील पोकळ्यांतून ताजे पाणी खेळत राहिले, तर त्याला प्राणवायू मिळतो. घरगुती सांडपाणी नदीत आले की त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविणारे सूक्ष्मजीव पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात. वाळूच्या पोकळ्या काळ्या गाळाने बुजतात आणि प्राणवायूचा सर्वांत मोठा तुटवडा तळाशीच जाणवतो. जड रसायनेही तळाच्या गाळातच साचतात. पृष्ठभागावरचे पाणी पावसाळ्यात स्वच्छ दिसू लागले, तरी तळाचा गाळ लगेच निवळत नाही. वाळूचा उपसा झाला तर डिंभांचे घर त्यांच्यासह उचलले जाते. तळ व काठ दोन्ही काँक्रीटने बांधून काढल्यास तर पुरून राहण्यास जागाच उरत नाही.

एका गोष्टीबाबत अतिशयोक्ती टाळली पाहिजे. चतुर डासांचा नायनाट करतात असे सरसकट म्हटले जाते. काही जातींचे डिंभ डासांच्या अळ्या खातात, हे खरे. पण डासांच्या अळ्या पृष्ठभागाशी असतात व गदापुच्छाचे डिंभ वाळूखाली. त्यामुळे या कुलाकडून डासनिर्मूलनाची फार अपेक्षा बाळगू नये. त्याचे मोल नदीची स्थिती समजण्यात आहे.

कात आणि तिची साक्ष

वाढ पूर्ण झालेला डिंभ पाण्याबाहेर येतो. गदापुच्छ चतुरांच्या बाबतीत तो बहुधा पाण्यापासून फार दूर जात नाही. काठावरील दगड, ओली वाळू अथवा उघडी पडलेली मुळे त्यास पुरतात. पाठीवरची त्वचा उकलते, चतुर बाहेर सरकतो, पंख ताणून वाळवितो आणि पहिले दुबळे उड्डाण करून झाडोऱ्याकडे निघून जातो. या वेळी त्याचे अंग मऊ व पंख दुधाळ चकाकीचे असतात. पक्षी, कोळी व मुंग्या यांना तो सहज बळी पडतो. काठावर मागे राहते ती रिकामी, तपकिरी कात.

अभ्यासकाच्या दृष्टीने ही कात उडणाऱ्या चतुरापेक्षाही अधिक मोलाची ठरते. प्रौढ चतुर दुसरीकडून उडत आलेला असू शकतो. कात मात्र तेथल्याच पाण्यात वाढलेल्या डिंभाची असते. ज्या काठावर गदापुच्छाची कात मिळाली, त्या नदीच्या तळाने त्या डिंभाला त्याच्या वाढीच्या सर्व काळात जगविले, असे खात्रीने म्हणता येते. कात ओळखणेही फारसे अवघड नाही. नेहमीच्या तळ्यातील चतुरांच्या कातीत खालचा ओठ चमच्यासारखा खोलगट असून तो चेहरा झाकतो. गदापुच्छाच्या कातीत तो सपाट असतो आणि डोक्यावर जाड पेराच्या आखूड शृंगिका दिसतात. अंगावर अनेकदा वाळूचे कण चिकटलेले असतात. कात गोळा केल्याने कोणत्याही जीवास इजा होत नाही, ही शाळांच्या दृष्टीने आणखी एक सोयीची बाब होय.

प्रौढ चतुराच्या सवयी

सह्याद्रीतील ओढ्यांकाठी राहणाऱ्या अनेक गदापुच्छ जाती उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या प्रारंभी बाहेर पडतात. त्यामुळे मे-जूनमधील काही आठवडे त्यांच्या शोधास विशेष अनुकूल असतात. उपरोक्त दोन सामान्य जाती वर्षातील बराच काळ दिसू शकतात. पाण्यातून बाहेर पडलेला चतुर प्रथम काही दिवस पाण्यापासून दूर, रानात अथवा झुडपांत घालवितो आणि परिपक्व झाल्यावर परततो. नर काठावरील एखादी जागा धरून बसतो व आगंतुक नरास हुसकावून लावतो. मादी पाण्यावर थोडाच वेळ येते. म्हणून निरीक्षकांच्या नोंदींत नरांची संख्या नेहमी अधिक भरते. मीलनानंतर जोडपे बहुधा झाडांकडे निघून जाते आणि नंतर अंडी घालताना नर मादीसोबत नसतो.

कडक उन्हात हे चतुर उदर आकाशाकडे सरळ उभे करतात. त्यायोगे अंगावर पडणारे ऊन कमी होते. ढगाळ हवामानात ते पाण्यावर क्वचितच दिसतात. निरीक्षणासाठी स्वच्छ उन्हाची सकाळ, साधारणतः आठ ते अकरा ही वेळ योग्य होय.

वालधुनीकाठी काय पाहावे

विठ्ठलवाडी परिसरातील शाळेला या अभ्यासासाठी दूर जावे लागत नाही. एकाच लहान नदीवर तीन ठिकाणे निश्चित करता येतात : पहिले काकोळ्याच्या बाजूस उगमाकडील ओढे व तलाव, दुसरे अंबरनाथच्या शिवमंदिराजवळचा भाग आणि तिसरे विठ्ठलवाडी. तुलनेसाठी चौथे ठिकाण म्हणून बदलापूरनजीक उल्हास नदीचा वाळू व दगड असलेला काठ घ्यावा. राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत व नेरळकडून येणारी उल्हास नदी आकाराने मोठी असल्याने दोन्ही नद्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यास विद्यार्थ्यांना पुष्कळ काही शिकता येईल.

प्रत्येक ठिकाणी पंधरवड्यातून एकदा, सारख्याच वेळी, ठरावीक शंभर मीटर काठ चालावा. दिनांक, वेळ, हवामान, पाण्याचा रंग व वास, तळ वाळूचा की काळ्या गाळाचा, काठ मातीचा की बांधलेला, हे प्रथम लिहावे. त्यानंतर डोळे अलग असलेले चतुर किती व कोणत्या जातीचे, डोळे जुळलेले चतुर किती, कात मिळाली काय, याची नोंद करावी. एखाद्या ठिकाणी काहीच आढळले नाही, तर ‘काही नाही’ अशी नोंद अवश्य करावी. वर्षभर सातत्याने केलेली ‘काही नाही’ ही नोंद नदीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर नोंद असू शकते आणि पुढे कधी नदी सुधारली, तर ती सुधारणा याच नोंदीच्या आधारे सिद्ध होईल.

येथे शिक्षकांनी एक दक्षता कटाक्षाने घ्यावी. उल्हासनगर व विठ्ठलवाडी भागात विद्यार्थ्यांना नदीच्या पाण्यात उतरू देऊ नये व गाळाला हात लावू देऊ नये. निरीक्षण काठावरून किंवा पुलावरून करावे. पावसाळ्यात पाणी वेगाने चढते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती व तिच्यातील प्रवाशांची सुटका करावी लागली होती, हे स्मरणात ठेवून पुराच्या काळात काठावर जाणे टाळावे.

चौकुळचे उदाहरण

असा अभ्यास केवळ शहरालगतच्या बिघडलेल्या नद्यांपुरता नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीनजीकच्या चौकुळ गावाचे नाव २०२२ साली प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले. शंतनू जोशी, हेमंत ओगले व दत्तप्रसाद सावंत या अभ्यासकांनी तेथील गदापुच्छ चतुराची एक जाती विज्ञानास नवीन असल्याचे दाखवून दिले व तिला गावावरून ‘बर्मागॉम्फस चौकुलेन्सिस’ असे नाव दिले. फ्रेझर यांच्या खंडानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनीही सह्याद्रीतील एका गावाच्या परिसरात या कुलाची अज्ञात जाती सापडावी, यावरून आपल्या ओढ्यानद्यांची पाहणी अद्याप किती अपुरी आहे हे दिसून येते. जी जाती नोंदलीच गेली नाही, ती नाहीशी झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

स्थानिक संस्थांची जबाबदारी

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. अनेक नोंदवह्यांत वृक्ष, पक्षी व औषधी वनस्पतींची नावे असतात; नदीच्या तळाशी राहणाऱ्या जीवांची पाने मात्र कोरी राहतात. अंबरनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील ओढ्यांच्या नोंदीत चतुर व टाचण्यांचा समावेश केल्यास, उगमाकडे आज कोणत्या जाती टिकून आहेत याचा लेखी आधार तयार होईल. शाळेने गोळा केलेल्या नोंदी छायाचित्रांसह समितीकडे द्याव्यात. जातीची निश्चिती करण्यासाठी महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभाग, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पुणे येथील केंद्र अथवा मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांचे मार्गदर्शन घेता येईल.

बांधकामाची व खोलीकरणाची कामे मंजूर करतानाही काही गोष्टी विचारात घेता येतील. पूरसंरक्षक भिंत आवश्यक असेल तेथे ती बांधावीच लागेल. परंतु वस्ती नसलेल्या भागात मातीचा काठ, दगड व झाडोरा राखता येतो. गाळ काढताना संपूर्ण पात्र एकाच वेळी खरवडण्याऐवजी टप्प्याटप्प्याने काम केल्यास न खरवडलेल्या भागातील जीव पुन्हा पसरू शकतात. वाळूच्या अवैध उपशास आळा घालणे हे जसे पुलांच्या व विहिरींच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, तसेच ते तळातील जीवसृष्टीसाठीही आहे. या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत न सोडणे. प्रक्रिया केंद्र कागदोपत्री सुरू असणे आणि नदीच्या तळाशी प्राणवायू पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची पडताळणी काठावरील एखादी लहानशी कातही करू शकते.

वालधुनीच्या वरच्या अंगाला असलेले स्वच्छ ओढे हे या नदीचे भांडवल आहे. खालचा प्रवाह सुधारला, तर वरून आलेले चतुर तेथे अंडी घालतील, डिंभ पुन्हा वाळूत शिरतील आणि नदीला पुनरुज्जीवनाची संधी मिळेल. वरचे ओढेही गेले, तर खाली कितीही खर्च केला तरी ही जीवसृष्टी परत येण्याचा जवळचा मार्ग बंद होईल. म्हणून काकोळ्याकडील ओढ्यांचे रक्षण आणि विठ्ठलवाडीकडील प्रवाहाची सुधारणा ही एकाच कामाची दोन अंगे समजून ग्रामपंचायती, नगरपरिषदा व महानगरपालिका यांनी त्यांचा एकत्रित विचार करावा. विठ्ठलवाडीच्या काठावर पॅरागॉम्फसची पहिली कात ज्या दिवशी एखाद्या शाळेच्या नोंदवहीत लिहिली जाईल, त्या दिवशी वालधुनीचा तळ पुन्हा श्वास घेऊ लागला असे निःशंकपणे म्हणता येईल.